तीन शून्यांचे बिट

गेल्या एप्रिलमध्ये मेहुणीच्या जुन्या अँड्रॉइड फोनची बॅटरी मी घरीच बदलायला घेतली. मागचे झाकण हेअर ड्रायरने गरम करून सोडवले. सोलापूरच्या त्या उन्हात गोंद निम्मा आधीच सैल झालेला असावा. आतल्या प्लास्टिकच्या पट्टीवर दहा बारीक काळे स्क्रू होते. नऊ निघाले. कॅमेऱ्याशेजारचा दहावा मात्र निघेना, म्हणून जोर लावला, तसे बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे बदलता येणारे टोक, खाचेतून उसळून गरकन फिरले आणि फुलीच्या जागी एक गुळगुळीत वाटी तेवढी उरली.

चूक जोराची नव्हती, मापाची होती. स्क्रू 'पीएच ०००' मापाचा आणि माझ्या हातातले बिट 'पीएच ००'; 'पीएच' म्हणजे फिलिप्स, ही फुलीची खाच, आणि शून्ये जास्त तितके माप बारीक. दुकानात दोन्हींना 'प्लस'च म्हणतात आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पण मोठे बिट खाचेच्या तळाशी पोहोचतच नाही, वरच्या कडांवर टेकून राहते आणि फिरवताना त्याच कडा खरवडते. त्यातच फिलिप्स खाचेच्या बाजू उतरत्या असल्यामुळे पीळ वाढला की टोक आपोआप वर ढकलले जाते. ज्यांच्या नावावर ती आहे त्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा खिशातल्या फोनचा विचार कोणी केला असणार!

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने सोल्डरिंग आयर्नचे टोक काही क्षण स्क्रूच्या डोक्याला टेकवले, कारण आट्यांना लावलेला डिंक उष्णतेने मऊ पडतो. मग रबरी हातमोज्याचा एक तुकडा मध्ये धरून 'तीन शून्य'चे बिट दाबले. "सर, आधी दाबायचं, मग फिरवायचं. तुम्ही दोन्ही एकदम करताय," असे म्हणेपर्यंत स्क्रू बाहेर आला होता. बॅटरीला लागून असलेल्या स्क्रूवर हा उष्णतेचा उपाय आपण करत नाही, हेही त्याने बजावले. बिट बरोबर आहे का हे तो फिरवण्याआधीच पाहतो: खाचेत बसवून हलकेच डुलवायचे, डुलले तर माप चुकले.

त्याच्याकडचा चार मिलिमीटर दांड्याच्या बिटांचा संच पाहून मीही तसाच घेतला. आयफोनच्या चार्जिंगच्या खाचेशेजारचे दोन स्क्रू पाच पाकळ्यांचे असतात, त्यांना पेंटालोब 'पी २' लागते. सहा टोकांचे टॉर्क्स तिथे बसल्यासारखे वाटते, पण पाकळ्या खाऊन टाकते. आयफोन ७ पासून आत तीन पायांचे 'वाय ०००' मापाचे स्क्रूही आले. संच घेताना किंमत कमी म्हणून मऊ लोखंडाची बिटे घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण झिजलेले योग्य बिट हे चुकीचेच बिट असते.

खराब झालेल्या स्क्रूऐवजी दुसरा देताना त्याने भंगार फोनांच्या डबीतून एकेक स्क्रू चिमट्याने उचलून जुन्याशेजारी उभा केला. डोके सारखे असूनही दोन बाजूला टाकले, तिसरा बसवला. मी कारण विचारले. "हे दोन केसभर लांब आहेत. खालच्या बोर्डात घुसले की आतली तांब्याची रेघ तुटते, मग बॅटरीपेक्षा बोर्डच महाग पडतो." आता मी फोन उघडतो तेव्हा कागदावर त्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवतो.