साठ प्रश्न आणि चार वर्षे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या उत्तरेला असलेल्या बॉथेल या गावात राहायला येऊन आम्हाला आता चौदा वर्षे झाली. थोरली मुलगी गेल्या सप्टेंबरात कॉलेजात गेली. तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : तिकडे प्रवेशासाठी क्लास कोणता लावला होता? आम्ही क्लास लावला नव्हता, हे सांगितले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. तयारी मात्र ती आठवीत असल्यापासून चालू होती. त्यातला मोठा भाग ऑनलाइन होता, जवळजवळ सगळा विनामूल्य होता आणि त्यात पालकांनी काय करू नये हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

या राज्यात शाळेतून उत्तीर्ण होण्यासाठी २४ क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांबद्दल मिळणारी एकके, मिळवावी लागतात आणि त्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेतील शिक्षण व त्यानंतरची वाटचाल यांचा एक लेखी आराखडाही तयार करावा लागतो. 'हायस्कूल अँड बियॉण्ड प्लॅन' असे त्याचे नाव असून तो शाळेतून उत्तीर्ण होण्याच्या अटींपैकी एक आहे. सातवी-आठवीत त्याची सुरुवात होते आणि पुढे दरवर्षी मुले त्यात भर घालतात किंवा बदल करतात. शाळेने दिलेल्या ऑनलाइन खात्यात हा आराखडा राहतो. पुढे कोणते काम करावेसे वाटते, त्यासाठी कोणते शिक्षण लागते, कोणते विषय घेतले आणि कोणते राहिले, हे सारे एकाच ठिकाणी दिसते. मुलाला दोन वर्षांच्या कॉलेजात जायचे असो, चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे असो, इलेक्ट्रिशियनसारख्या कामाची उमेदवारी करायची असो किंवा सैन्यात जायचे असो, आराखडा सर्वांनाच करावा लागतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण केवळ हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांचेच भवितव्य विचार करण्यासारखे असते, असे त्यात कुठेही गृहीत धरलेले नाही.

पहिली पायरी होती कल ओळखण्याची. शाळेच्या खात्यातील प्रश्नावली झाल्यावर तिच्या शिक्षिकेने घरी करण्यासाठी आणखी एक सुचवली. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या 'माय नेक्स्ट मूव्ह' या संकेतस्थळावर ती आहे, तिच्यात ६० प्रश्न आहेत आणि त्यासाठी खाते काढावे लागत नाही. प्रत्येक प्रश्नात एखादे काम दिलेले असते आणि ते करायला फार आवडेल, आवडेल, सांगता येत नाही, आवडणार नाही, मुळीच आवडणार नाही, यांपैकी एक उत्तर निवडायचे असते. स्वयंपाकघरातली कपाटे बनवणे, विटा किंवा फरशा बसवणे, नवे औषध शोधून काढणे, पाण्याचे प्रदूषण कमी करण्याचे मार्ग अभ्यासणे, नाटक लिहिणे, लोकांच्या भावनिक अडचणींत त्यांना मदत करणे, नोंदी तपासून त्यांतील चुका दुरुस्त करणे, अशी ती कामे आहेत. उत्तरांवरून जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या सहा प्रकारांपैकी कोणत्या प्रकारच्या कामाकडे आपला ओढा आहे हे समजते आणि त्याला जुळणाऱ्या व्यवसायांची यादी समोर येते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ती बसली होती आणि मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. कपाटे बनवण्याच्या पहिल्याच प्रश्नाला तिने 'आवडेल' असे उत्तर दिले आणि मी लगेच म्हणाले, "अगं, तुला सुतारकाम करायचंय का? विचार करून दे." तिने उत्तर बदलले. विटा बसवण्याच्या प्रश्नाला तिने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले. पंधराव्या-सोळाव्या प्रश्नापर्यंत तिचे बोट कळपट्टीवर थांबायचे, नजर माझ्याकडे वळायची आणि मगच उत्तर नोंदवले जायचे. या प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच सूचना दिलेली आहे की, त्या कामासाठी लागणारे शिक्षण आपल्याजवळ आहे का आणि त्यात पैसे किती मिळतील, याचा विचार न करता उत्तर द्यावे. ती सूचना मी वाचली होती आणि तरीही मी त्या दोन गोष्टींखेरीज दुसरा कोणताच विचार करत नव्हते. माझे वडील शिक्षक होते, आम्हा भावंडांनी काय शिकायचे हे त्यांनी ठरवले आणि त्यांच्या काळात ते बरोबरही होते. तेच माप मी नकळत हातात घेऊन बसले होते. मी उठले, गॅसवर आमटी होती तिकडे गेले आणि तिला म्हणाले, "पहिल्यापासून कर. मी इकडे आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला : खाते तिचे, पासवर्ड तिचा, आणि तिने दाखवले तरच आम्ही पाहायचे.

नवव्या इयत्तेपासून गुणांची नोंद कॉलेजापर्यंत जाते, हे भारतातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. तिथे दहावी, बारावी आणि प्रवेश परीक्षांवर सारा भार असतो, इथे चार वर्षांचे सगळे विषय आणि त्यांच्या श्रेणी ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकात, उतरतात. त्यामुळे नववीत चुकीचा गणिताचा वर्ग निवडला तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचता येत नाही आणि अभियांत्रिकीला जाण्याची इच्छा अकरावीत जागी झालेल्या मुलाची ओढाताण होते. आराखड्याचा सगळ्यात मोठा व्यावहारिक उपयोग इथे झाला, कारण चार वर्षांचे विषय एकाखाली एक मांडलेले दिसत असल्यामुळे कोणती वाट कुठे बंद होते हे वेळेत कळत होते.

अकरावीत तिने 'रनिंग स्टार्ट'मधून एक विषय घेतला. १९९० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत अकरावी-बारावीची मुले कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, जाऊन शिकवणीचे शुल्क न भरता कॉलेजचे विषय घेऊ शकतात. पुस्तके आणि काही किरकोळ शुल्क तेवढे आपल्याला भरावे लागते. कॉलेजची पाच क्रेडिट म्हणजे शाळेचे एक पूर्ण क्रेडिट, त्यामुळे शाळेत वर्षभर चालणारा इंग्रजीचा विषय कॉलेजच्या एका सत्रात पूर्ण होतो आणि दोन्हीकडे त्याची नोंद होते. तिने तो ऑनलाइन घेतला. ठरावीक वेळेला कोणी शिकवत नव्हते. वाचन दिलेले असायचे, बुधवारपर्यंत आपले मत लिहायचे आणि रविवारपर्यंत दोन सहाध्यायांना उत्तर द्यायचे. तिच्या गटात रात्रपाळी करून सकाळी लिहिणारी एक परिचारिका होती आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला लागलेले एक गृहस्थ होते. पहिल्या दोन आठवड्यांत तिचे एक लेखन उशिरा गेले आणि त्याचे गुण कापले गेले. प्राध्यापकांना पत्र लिहावे असे मला वाटत होते, परंतु तिथे ती कॉलेजची विद्यार्थिनी होती आणि तिच्या संमतीशिवाय तिच्या अभ्यासाबद्दल कॉलेज पालकांशी बोलत नव्हते. ऑनलाइन अभ्यासाची खरी तयारी मला यात दिसली : कोणी हाक मारत नसताना रविवारी दुपारी आपले आपण बसून काम पुरे करणे. बारावीनंतर घरापासून दूर गेल्यावर मुलांना जे जड जाते त्याचा सराव घरी, आमच्या ताटाशेजारी, झाला.

एसएटी या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिकडून विचारणा होते ती मुख्यतः याचीच आणि इथे तिचे महत्त्व आता पूर्वीइतके राहिलेले नाही. या राज्यातील सरकारी विद्यापीठांनी तिची सक्ती कायमची काढून टाकली आहे, तर काही नामांकित खासगी संस्थांनी ती पुन्हा लागू केली आहे. २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावरच होते आणि ती २ तास १४ मिनिटांची असते. खान अकॅडमी या शिकवणाऱ्या संकेतस्थळावर तिचा अधिकृत सराव २०१५ पासून विनामूल्य आहे. मुलीने उन्हाळ्यात रोज अर्धा तास तेवढाच केला आणि तो पुरला.

प्रत्यक्ष अर्जासाठी 'कॉमन ॲप' वापरतात. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन एकच अर्ज स्वीकारायचे ठरवले, तिथून हे सुरू झाले. आज एक हजाराहून अधिक संस्था त्यात आहेत. दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज खुला होतो. त्यात ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध असतो, शिक्षकांची शिफारसपत्रे असतात आणि अभ्यासाव्यतिरिक्त केलेल्या जास्तीत जास्त दहा उपक्रमांची नोंद असते. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात. मुलगी तीन वर्षे इथल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत होती. त्याबद्दल तिने प्रथम नेतृत्व, संस्कृतीचे जतन, समाजसेवा असे भारदस्त शब्द लिहिले. शाळेच्या काउन्सेलरबाईंनी ते वाचून एवढेच विचारले, "रविवारी सकाळी तू नेमके काय करतेस?" तिने पुन्हा लिहिले. त्याचा मराठीतला अर्थ असा : सात-आठ वर्षांच्या नऊ मुलांना मराठी अक्षरे शिकवते; 'ळ'चे वळण हाताला कळावे म्हणून ताटात वाळू पसरून गिरवून घेते. दीडशे अक्षरांत ती जशी आहे तशी त्यात आली होती.

या टप्प्यावर पालक घाबरतात आणि घाबरलेल्या पालकांकडे पाहून सल्लागारांची दुकाने चालतात. आम्हीही एका खासगी सल्लागार संस्थेच्या पहिल्या भेटीला गेलो होतो. तिथे मुलीला तिच्या आवडीबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. उलट, कोणते उपक्रम 'चांगले दिसतात' याची छापील यादी आणि काही हजार डॉलरचे दरपत्रक आमच्या हाती दिले गेले. परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, त्या यादीत वाळूचं ताट नव्हतं." आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही. ज्या मुलांच्या घरी या देशातले कॉलेज कोणीच पाहिलेले नाही त्यांना मार्गदर्शनाची गरज असते, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी शाळेचे काउन्सेलर आहेत, गावातील वाचनालये आहेत. तिथे आधी जावे.

पैशांविषयी मात्र पालकांनी पुढाकार घ्यावा, कारण तो भाग मुलांचा नाही. केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढून देणारे गणकयंत्र असणे २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. कुटुंबाचे उत्पन्न आणि बचत भरली की मदत वजा जाता अंदाजे किती रक्कम द्यावी लागेल हे दिसते. आम्ही ते बारावीच्या सप्टेंबरातच केले. दोन खासगी कॉलेजांनी आमच्या उत्पन्नाला एक डॉलरही मदत दाखवली नाही आणि ती नावे यादीतून त्याच रात्री गेली. एप्रिलमध्ये प्रवेश हातात आल्यावर नाही म्हणण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य होते. केंद्र सरकारच्या मदतीसाठी 'फॅफ्सा' हा अर्ज असतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांना तो भरता येतो, एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या, मुलांना येत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे मुलगा बारावीत गेल्यावर कळले आणि त्यांची सारी आखणी बदलली. एच-१बीवर इकडे येणाऱ्या, शाळकरी मुले असलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्याच वर्षी समजून घ्यावी.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री तिने पहिला अर्ज पाठवला. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उडाले आणि ती खोलीतून धावत बाहेर आली. निबंध मला तिने त्यानंतर वाचायला दिला. तो कशावर होता ते इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. त्याच आठवड्यात तिने आठवीपासूनचे आपले कल चाचण्यांचे निकाल ओळीने लावून पाहिले. लोकांना मदत करण्याची कामे आठवीत तिसऱ्या क्रमांकावर होती, दहावीत दुसऱ्या आणि बारावीत पहिल्या. कोणत्याही एका निकालावर आम्ही निर्णय घेतला असता तर तो चुकला असता. आता ती विद्यापीठात आहे आणि मुख्य विषय अजून ठरलेला नाही. इथे बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवता येतो.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी नवे नाही. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली होती आणि २०२० मध्ये शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या मुलांसाठी महाकरिअर पोर्टल सुरू केले. अडचण वेळेची आहे. दहावीचा निकाल लागला की काही आठवड्यांत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे असतात आणि कला, वाणिज्य की विज्ञान हे तिथेच ठरून जाते. ते अर्ज बहुधा बाबा किंवा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतला मुलगा भरतो. प्रवेशाचे वेळापत्रक आपल्या हाती नाही, पण आठवी-नववीत मुलाला एकट्याने साठ प्रश्नांसमोर बसवणे आपल्या हाती आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इस्लामपूरला नववीत आहे. गेल्या रविवारी मी तिला 'माय नेक्स्ट मूव्ह'चा दुवा पाठवला आणि प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे व्हिडिओ कॉलवर त्याला एकेक काम मराठीत सांगत गेले. पहिल्याच प्रश्नाला बहीण त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "कपाटं कशाला रे?" मी तिला चहा टाकायला पाठवले. तो साठाव्या प्रश्नापर्यंत पोहोचेस्तोवर तिकडे दिवेलागण झाली होती. निकाल आल्यावर तिने स्वयंपाकघरातून विचारले, "काय निघालं?" तो म्हणाला, "थांब आई, मी आधी वाचतो."