घशाखाली आपलं काही चालत नाही

जेवायला बसलेल्या माणसाचा रुबाब औरच असतो. काय खायचं, किती खायचं, कशावर आधी ताव मारायचा, सगळं त्याच्या मर्जीवर. नको वाटलं तर तोंडातला घास थुंकायचीही मुभा. पण घास घशाखाली उतरला की सत्ता संपली. गिळताना कंठमण्यावर बोट ठेवून बघा, तो टुणकन वर उडतो. त्या क्षणी श्वासनलिकेवर झाकण पडतं, श्वास थांबतो आणि घास २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेत शिरतो. तिचे स्नायू त्याच्यामागे आवळत जाऊन त्याला पुढे रेटतात. म्हणून शीर्षासनात गिळलेला घासही मुकाट जठरात पोचतो. करून बघा, असं मात्र मी म्हणणार नाही.

जठरात काय चालतं ते बघायला मिळालं एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठरापर्यंतचं भोक काही बुजलं नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडले आणि काही वेळाने ओढून किती विरघळले ते पाहिलं. वर्षानुवर्षं. ही निरीक्षणं १८३३ मध्ये पुस्तकरूपाने आली. पेशंट चिडला की पचन बिघडतं, हेही बोमाँटने टिपलं. पोटातून दोरे बाहेर काढले जात असताना माणूस चिडणार नाही तर काय करणार!

बाकी पोटाला आपली पर्वा नाही, पण आपली इज्जत त्याच्या हातात असते. चारचौघांत, नेमकी शांतता पसरलेली असताना ते गुरगुरतं. सगळे ऐकतात आणि न ऐकल्यासारखं करतात. मला ती गुरगुर फार आवडते, अर्थात दुसऱ्याची. भुकेने पोट तक्रार करतंय असं आपण धरून चालतो, पण तिथे बरेचदा साफसफाई चाललेली असते. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापाशी आकुंचनाची एक लाट उठते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत उरलंसुरलं अन्न, झडलेल्या पेशी, जंतू झाडत नेते. त्यात हवा आणि पाणी घुसळलं की आवाज होतो. काही खाल्लं की झाडलोट बंद, पचन सुरू. सतत काहीतरी चघळत बसणाऱ्या आमच्यासारख्यांकडे केर कधी काढला जात असेल, देव जाणे.

हा सगळा कारभार आतड्यांच्या भिंतींतल्या कोट्यवधी चेतापेशी बघतात. मेंदूचा सल्ला चालतो, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. पित्त कधी सोडायचं, स्वादुपिंडाचा रस किती, पाणी कुठे शोषायचं, आपल्याला कोणी विचारत नाही. विचारतात ते थेट शेवटी. गुदद्वाराजवळच्या संवेदना आलेला माल वायू आहे, द्रव आहे की घन, हे ओळखतात. आतलं दार आपोआप जरासं सैलावतं, बाहेरच्याची किल्ली मात्र मालकाकडे. हा निवाडा सहसा अचूक असतो. पोट बिघडलेलं असताना त्याच्यावर भरवसा ठेवणारा माणूस धाडसी म्हणायचा.