आधी गाईड, मग सीट: जुन्या मॅसीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह बसवताना

जुनी मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) इंजिनकामाला उघडली की सगळं लक्ष पिस्टन, लायनर आणि रिंगांकडे जातं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, मात्र ‘व्हॉल्व्ह घासून दे’ एवढं सांगून लेथवाल्याकडे टाकलं जातं. मग नवं किट घालूनही ट्रॅक्टर सकाळी ढकलून सुरू करावा लागतो आणि दोष पंप-नोझलवर जातो. खरं तर कंप्रेशन हेडमधून गळत असतं.

इथे मॅसी ३५ मधलं पर्किन्स ३.१५२ इंजिन धरलं आहे. तीन सिलिंडर, १५२ घनइंच म्हणजे सुमारे अडीच लिटर, सहा व्हॉल्व्ह. चेन्नईच्या सिम्पसनने पर्किन्सच्या परवान्याने बनवलेली इंजिनं याच घराण्यातली, त्यामुळे जुन्या मॅसी १०३५ लाही कामाची पद्धत हीच.

जुने व्हॉल्व्ह काढताना घाई करू नका. रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या आडव्या दांड्याचा) मार खाऊन व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक पसरलेलं असतं. ते तसंच हातोडीने ठोकून बाहेर काढलं की गाईडला, म्हणजे दांडी ज्यात सरकते त्या नळीला, आतून ओरखडे पडतात. आधी कानसेने टोकाची कोर उतरवा, मग व्हॉल्व्ह हाताने सरकत बाहेर येतो. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून व्हॉल्व्ह क्रमाने खोचून ठेवा. पुशरॉडही (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्याही) त्याच क्रमाने ठेवा.

कामाचा पाया म्हणजे गाईड. व्हॉल्व्ह सीटपासून (मिटताना तो हेडमध्ये टेकतो त्या कड्यापासून) १०-१२ मिमी उचलून आडवा हलवून बघा. खेळ हाताला जाणवत असेल तर नवा व्हॉल्व्ह घालून परत बघा. तरीही हलत असेल तर गाईड बदलायलाच हवं. जुनं गाईड हेडच्या वर किती डोकावतं ते ठोकून काढण्याआधी मोजून लिहून ठेवा, नवं तेवढंच बसलं पाहिजे. दाबून बसवताना गाईडचं भोक किंचित आवळतं, म्हणून नंतर रिमर (भोक मापात आणायचं हत्यार) फिरवावा लागतो. सीट कापायची ती यानंतरच, कारण कटरची दांडी गाईडमध्येच उभी राहते. झिजलेल्या गाईडवर कापलेली सीट दांडीशी मध्यावर येत नाही. तिथे कितीही पेस्ट घासली तरी व्हॉल्व्ह एका बाजूनेच टेकतो.

सीट ४५ अंशांची. टेकणारी पट्टी दीड ते दोन मिमी रुंद आणि व्हॉल्व्हच्या उतरत्या कडेच्या मध्यावर यावी. पट्टी बाहेरच्या बाजूला गेली तर ३० अंशांच्या कटरने वरून उतरवा, आतल्या बाजूला गेली तर ६० अंशांच्या कटरने खालून. एक्झॉस्टची पट्टी फार बारीक करू नका. त्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडच्या पाण्याकडे जाते. ग्राइंडिंगनंतर व्हॉल्व्हच्या तोंडाची कडा सुरीसारखी धारदार झाली असेल तर तो फेकून द्या. पातळ कडा लाल होते आणि जळते.

पेस्ट घासणं हे शेवटचं, थोडंच काम. खड्डे घालवायला पेस्ट वापरली तर सीट रुंद होते आणि व्हॉल्व्हवर खोबण पडते. बारीक पेस्ट लावा, व्हॉल्व्ह अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवा, दर काही फेऱ्यांनी उचलून जागा बदला. सगळीकडे सलग राखाडी कडं दिसलं की थांबा. मग पेस्टचा कणही राहता कामा नये: डिझेलने धुवा, गाईडमधून ब्रश फिरवा, गरम साबणपाण्याने परत धुवा आणि लगेच तेल लावा. राहिलेली पेस्ट नवं गाईड खाते.

व्हॉल्व्ह हेडच्या सपाटीपासून किती आत बसला ते डेप्थ गेजने मोजून आपल्या इंजिनाच्या पुस्तकाशी ताडा. या थेट इंजेक्शनच्या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीपर्यंत येतो, त्यामुळे व्हॉल्व्ह वर राहिला तर पिस्टन त्याला धडकेल. फार खोल गेला तर कंप्रेशन उतरतं आणि थंडीत सुरू व्हायला त्रास होतो. हेड फेस मारून (मशीनवर सपाट करून) आणल्यावर हे माप परत घ्या.

आता जोडणी. दांडीला इंजिन ऑइल लावा. ऑइल सील घालताना लॉकच्या (स्प्रिंग दांडीवर धरून ठेवणाऱ्या दोन तुकड्यांच्या) खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर खाचेची धार रबर कापते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर निघतो. स्प्रिंग नव्याशेजारी उभी करून उंची बघा, गुण्या लावून सरळपणाही बघा. वेटोळी एका टोकाला जवळजवळ असतील तर ते टोक हेडकडे. लॉकचे दोन्ही तुकडे ग्रीसने खाचेत चिकटवा आणि कंप्रेसर हळू सोडा. मग दांडीच्या टोकावर लाकडी हातोडीने एक-दोन ठोके मारा. लॉक नीट बसलं नसेल तर ते इथेच उडालेलं बरं, चालत्या इंजिनात नको. ठोकताना डोळ्यांना चष्मा हवा.

हेड उलटं करण्याआधी प्रत्येक पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. सीटच्या कडेने ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह परत काढायचा. याला सूट नाही.

पुशरॉड काचेवर घरंगळवून बघा, वाकडा असेल तर लंगडतो. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर ग्राइंडिंग करून घ्या. फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते आणि प्रत्यक्षातलं अंतर तुम्ही मोजलं त्याहून जास्त असतं. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकातलं अंतर) सेट केला तरी टकटक थांबत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

थंड इंजिनाला टॅपेट ०.३० मिमी, म्हणजे १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), गरमला ०.२५ मिमी. इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवा आणि क्रँक हाताने फिरवा. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच हलताना दिसतील, तिथून पूर्ण एक फेरा पुढे जा आणि त्याच सिलिंडरचे दोन्ही सेट करा. फायरिंग १-२-३ आहे, म्हणजे पुढच्या सिलिंडरसाठी २४० अंश. एक्झॉस्टला अंतर कमी ठेवलं तर तो गरम झाल्यावर पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानेच आवळा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि परत आवळा. गॅस्केट दबून हेड जरासं खाली येतं, रॉकरखालचं अंतर कमी होतं, म्हणून आवळल्यावर सहाही टॅपेट पुन्हा तपासा. पंचवीस-तीस तास नांगरट झाली की हेच दोन्ही एकदा परत करा.