सीएनजी गाडीला इरिडियमचे प्लग

गाडी गॅसवर मिसिंग मारायची (मध्येच ठिणगी हुकून झटके द्यायची), पेट्रोलवर टाकली की मिसिंग बंद. सीएनजी पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची झीज आधी गॅसवरच जाणवते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढले आणि सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडले. निकेलचेच होते. ठिणगी मधली दांडी आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये उडते. दोघांची मधली दांडी झिजून गोल झालेली, पण उरलेल्या दोघांची दांडी बरी आणि बाहेरची पट्टी खाल्लेली! माझ्या इंजिनात दोन सिलिंडरांत मिळून एक कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आहे. अशा जोडीत एका प्लगची ठिणगी मधून बाहेर उडते, दुसऱ्याची बाहेरून मध्ये. आणि ठिणगी जिथून निघते त्या उणे बाजूचा धातू जास्त झिजतो. म्हणजे नुसत्या मधल्या टोकाला महागडा, टिकाऊ धातू असलेला प्लग घेऊन माझं अर्धंच काम झालं असतं.

दुकानात "इरिडियम टाका, पिकअप बघा कसा येतो" हे ऐकावं लागलंच. झिजलेले काढून नवे निकेलचे टाकले तरी पिकअप येतोच की! इरिडियमचे पैसे द्यायचे ते टिकाऊपणासाठी. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम थेट २४४६ ला. त्यामुळे साध्या प्लगची अडीच मिलिमीटरची दांडी इथे ०.६ मिलिमीटरवर आणता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. निकेलचं टोक इतकं बारीक केलं तर फार दिवस टिकणार नाही.

शेवटी मध्ये इरिडियम आणि बाहेरच्या पट्टीवर प्लॅटिनमचा ठिपका असलेले घेतले. हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर काढतो ते) आणि आट्यांची लांबी गाडीच्या पुस्तकातलीच ठेवली. किंमत निकेलच्या कितीतरी पट, घरी सांगताना आवाज जरा खालीच होता.

दांडी आणि पट्टीमधला गॅप तारेच्या गेजने हलक्या हाताने तपासला. नाण्यासारखा गोल गेज बारीक टोकावर घासला तर टोकच तुटायचं. तारेच्या ब्रशचंही तेच. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून आधी आटे हातानेच बसवले, वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा.

गॅसवरचं मिसिंग गेलं. ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक नाही.