आधी ऊब, मग अंघोळ

गेल्या डिसेंबरात, हुरड्याच्या दिवसांत, लातूरजवळच्या आमच्या गावी ट्रॅक्टरच्या एका गॅरेजमागच्या खड्ड्यात एक गायबगळा सापडला. खड्ड्यात इंजिनातून काढलेले जळके ऑइल साचलेले होते, आणि पाणी समजूनच तो उतरला असावा. पुतण्याने त्याला पोत्यात गुंडाळून घरी आणले. मी लगेच हौदाच्या गार पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवून त्याला घासून काढले. पिसांचा पांढरा रंग थोडाफार दिसू लागला तेव्हा आम्हा दोघांना फार आनंद झाला. पहाटे तो मेलेला होता. आई एवढेच म्हणाली, "करडू भिजलं तर आधी चुलीपाशी घेतो ना आपण? तू तर ह्याला अजून भिजवलंस."

आपले नेमके काय चुकले, हे शोधताना मी पेंग्विनांपर्यंत पोहोचलो, कारण तेलात माखलेल्या पक्ष्यांना वाचवण्याचा मोठा अनुभव माणसाने त्यांच्यावरही घेतला आहे. पेंग्विनाची पिसे बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांच्याखाली हवेचा थर राहतो, म्हणून थंडगार समुद्रातही त्याची कातडी कोरडी व उबदार राहते. तेल लागले की ही वीण विस्कटते, पाणी थेट अंगाला भिडते आणि पक्षी गारठू लागतो. तो समुद्र सोडून किनाऱ्यावर येतो, म्हणजे मासे मिळणेही बंद होते. पिसे साफ करण्यासाठी तो चोच फिरवत राहतो आणि तेच तेल पोटात जाऊन आतड्यांना इजा करते, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. बाहेरून दिसणारा काळा रंग हा त्या आजाराचा केवळ एक भाग असतो.

म्हणूनच जाणकार लोक पक्षी हाती येताच त्याला धुवत नाहीत. आधी ऊब, नळीने पोटात पाणी व क्षार, तेल शोषून घेण्यासाठी औषधी कोळशाची पूड, मग मासे. आणि अंगात बळ आल्यावरच कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण, डोळ्यांभोवती दात घासण्याचा मऊ ब्रश. साबण पूर्ण निघेपर्यंत धुणे हे तर त्याहून महत्त्वाचे, कारण उरलेला साबणही पिसांना पाणी धरू देतो. मी बगळ्याच्या अंगावर पावडरीचा फेस तसाच ठेवला होता.

२३ जून २००० रोजी केपटाउनजवळ 'ट्रेझर' हे जहाज बुडाले तेव्हा सुमारे १९,००० आफ्रिकी पेंग्विन तेलात माखले. १९६८ पासून हेच काम करणारी 'सॅनकॉब' ही संस्था आणि हजारो स्वयंसेवक यांच्या मेहनतीने त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी समुद्रात परतले. मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती वेगळीच: तेल न लागलेल्या सुमारे १९,५०० पेंग्विनांना दूर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले, आणि ते पोहत घरी येईपर्यंत समुद्र बराच स्वच्छ झालेला होता.

मात्र सगळीकडे असे यश मिळत नाही. १६ मार्च २०११ रोजी 'ऑलिव्हा' हे जहाज दक्षिण अटलांटिकमधल्या नाइटिंगेल बेटावर आदळले आणि त्याचे इंधनाचे तेल समुद्रात सांडले. ते ब्राझीलहून सिंगापूरला सुमारे ६५,००० टन सोयाबीन नेत होते, हे वाचून सोयाबीनवर जगणाऱ्या आमच्या भागातला मी काही वेळ थांबलोच. तिथल्या रॉकहॉपर पेंग्विनांचा पिसे गळण्याचा उपाशी काळ नुकताच सरला होता, अंगात चरबी उरलेली नव्हती, आणि विमानतळ नसलेल्या त्या बेटांवर केपटाउनहून मदत बोटीनेच यायची होती. शेजारच्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटावरच्या जेमतेम अडीचशे लोकांनी गावचा पोहण्याचा तलावसुद्धा या पक्ष्यांना दिला. तरीही गोळा केलेल्या सुमारे ३,७०० पेंग्विनांपैकी चारशेही वाचले नाहीत. ती माणसे प्रेमात कमी पडली नव्हती. पक्षी हाती आले तेव्हाच ते खंगलेले होते.

आता घरात पुठ्ठ्याचे एक खोके, जुने सुती लुगडे आणि दिव्याची वायर एकत्र ठेवली आहे. पुन्हा असा पक्षी मिळाला तर त्याला आधी उबेत ठेवायचे आणि पशुवैद्यकांना फोन करायचा, हे पुतण्याला पाठ आहे. गॅरेजच्या मालकांनी खड्ड्यावर पत्रा टाकला आहे, परंतु एका कोपऱ्याला वीतभर फट अजून उघडी आहे. रविवारी मी जाळी घेऊन जाणार आहे.