तुम्ही विचारलंत म्हणून: लोकसभेचा फॉर्म भरायचा तर…

निवडणूक लागली की हा प्रश्न हमखास येतो: "अपक्ष उभं राहायचंय, लोकसभेचा फॉर्म कसा भरायचा?" विचारणाऱ्याला काळजी असते ती डिपॉझिटची. खरं तर पैसे हा यातला सर्वांत सोपा भाग. अनामत २५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००, मग तो खुल्या मतदारसंघातून लढत असला तरी, फक्त जातीचा दाखला जोडायचा. रक्कम रोख किंवा कोषागारात चलनाने भरायची. चेक चालत नाही. एका मतदारसंघात एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज देता येतात, पण अनामत एकदाच. फॉर्म उडतात ते दोन जागी: सूचकांपाशी (म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) आणि शपथपत्रापाशी.

आधी सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नोंदणी असली तरी मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. उमेदवार स्वतः देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतं (बाहेरचा असेल तर यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत लागते), सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा हवा. इथेच शहरातली माणसं फसतात. हडपसर पुण्यात, पण लोकसभेला ते शिरूरमध्ये मोडतं, खडकवासला बारामतीत. पुण्याच्या जागेसाठी हडपसरच्या मित्राची सही घेतलीत की दहाचे नऊच उरले, आणि शेवटच्या दिवशी तीन वाजल्यानंतर दहावा आणता येत नाही. अनुक्रमांक किंवा यादीचा भाग क्रमांक लिहिताना चूक झाली तर अधिकारी दुरुस्त करायला सांगतात, तेवढ्यावरून अर्ज जात नाही. निरक्षर सूचकाचा अंगठा मात्र घरी उठवून आणायचा नाही. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो.

सूचक नुसता यादीतला नको, टिकणारा हवा. २०२४ साली सुरतमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनीच 'या सह्या आमच्या नाहीत' अशी शपथपत्रं दिली. त्याचा अर्ज गेला, पर्यायी उमेदवाराचाही (मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर पक्षातर्फे लढणारा) गेला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि एकही मत न पडता जागा बिनविरोध झाली. म्हणून किमान दोन अर्ज भरा आणि दोन्हींवर वेगवेगळे दहा जण घ्या. सही तुमच्यादेखत करून घ्या.

तिकिटाची वाट बघत बसलेल्यांना एक वेगळं सांगणं. लोकसभेचा अर्ज म्हणजे नमुना २-अ. त्यात मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी भाग एक आणि इतरांसाठी भाग दोन. एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्ष ज्यांवर कळवतो ते ए आणि बी हे दोन फॉर्म) येणारच या भरवशावर एका सूचकाचा अर्ज भरला आणि एबी फॉर्म दुसऱ्याला गेला, तर छाननीत तुमचा अर्ज बाद. एक अर्ज भाग एक भरून द्या, दुसरा भाग दोन भरून दहा सूचकांसह. एबी फॉर्मही शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचायला हवेत, शाईच्या सहीचे. झेरॉक्स किंवा सहीचा रबरी शिक्का चालत नाही. बी फॉर्ममध्ये पर्यायी उमेदवाराचं नाव लिहायची जागा असते, ती पक्ष उगाच भरत नाहीत. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या रामटेकला २०२४ मध्ये काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र ऐन छाननीच्या दिवशी रद्द झालं आणि अर्ज बाद झाला. पर्यायी म्हणून नाव होतं ते त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचं. ते लढले आणि निवडून आले. प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो निर्णय पुढे हायकोर्टाने फिरवला, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

आता शपथपत्र, म्हणजे नमुना २६. याला दोन संध्याकाळी द्या. स्वतः, जोडीदार, एकत्र हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं, प्रत्येकाचा वेगळा रकाना. पॅन, पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न, ठेवी, गाड्या, दागिन्यांचं वजन आणि किंमत, कर्जं, खटले. शेतजमिनीचा नुसता सातबारा जोडून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, वारसाने आली की विकत घेतली, घेतली तर कधी आणि कितीला, आणि आजचा अंदाजे बाजारभाव, हे सगळं लिहायचं. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी यांचं थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते एका दिवसात मिळत नाही.

रकाना कोरा सोडायचा नाही, रेघही मारायची नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं अक्षरात लिहायचं. कोऱ्या रकान्यांचं शपथपत्र नोटीस देऊनही पुरं केलं नाही तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. शेवटच्या गोषवाऱ्यातल्या बेरजा आतल्या आकड्यांशी जुळतात का ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. नोटरीकडे पान न् पान सही-शिक्क्याचं झालं पाहिजे. घाईत मधलं एखादं पान राहून जातं.

वेळेचं गणित करा. अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार. सात दिवस म्हणायला. २०२४ मध्ये विदर्भातल्या पहिल्या टप्प्यात २० ते २७ मार्च अशी मुदत होती आणि त्यात रविवारही आला, धुळवडही. सुट्टीला अर्ज घेत नाहीत. इतर दिवशी ११ ते ३, आणि उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः हजर राहून द्यायचा, पोस्टाने नाही. निवडणूक आयोगाच्या सुविधा पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरता येतो, पण त्याचीही छापील प्रत सही करून नेऊन द्यावी लागते. मुहूर्त धरून, ढोल-ताशे लावून शेवटच्या दिवशी पावणेतीनला पोचणारे पुष्कळ. त्यांच्या कागदात काही निघालं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज देण्याच्या किमान आदल्या दिवशी उघडलेलं हवं. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख.

अर्ज दिल्यावर लगेच, तिथेच, संविधानाशी निष्ठेची शपथ घ्या (ही शपथपत्राहून वेगळी). संविधानाच्या अनुच्छेद ८४ प्रमाणे ती लागते, अर्ज देण्याआधी घेतलेली चालत नाही आणि छाननीच्या दिवशी घेतलेलीही चालत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज देणाऱ्याच्या हातात तेवढाच दिवस असतो, आणि मिरवणुकीच्या गडबडीत नेमकी हीच राहते. शपथ घेतल्याचा दाखला मागून घ्या. सोबत अनामतीची पावती, छाननीची नोटीस आणि तपासणी सूचीची (कोणते कागद दिले, कोणते नाहीत याची अधिकाऱ्याने केलेली यादी) प्रत. सूचीत 'दिले नाही' असं काही लिहिलेलं असेल तर ते कधीपर्यंत द्यायचं तेही त्यातच असतं, म्हणून ती बाहेर येऊन नाही, टेबलाशीच वाचा.