बंगईच्या वार्निशवर उठलेले चट्टे: माझा अनुभव

सागावर वार्निशचा हात बसला आणि एका जागी लख्ख चकाकी, तर वीतभर बाजूला कोरडा, मळकट चट्टा दिसू लागला, की भेटेल तो एकच उपाय सांगतो: "अजून एक हात मारा, जुळून येते." आमच्या बंगईला, म्हणजे झोपाळ्याला, तो जास्तीचा हातही बसला. चमक होती तिथे आणखी चढली आणि चट्टे आपल्या जागी राहिले. लग्नसराई आली की गावात दारं, दिवाण, देवघरं वार्निशसाठी बाहेर निघतात आणि हीच तक्रार घरोघरी ऐकू येते. म्हणून आमची बंगई कशी सुधारली ते सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यातलं, चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं. बंगई जुनी, आजेसासऱ्यांच्या काळातली, अस्सल सागवानाची. पाठ टेकायला कठडा, दोन्ही बाजूंना हात, बसायला रुंद फळ्या, वर लोखंडी कड्या. मे महिन्यात रंगाऱ्याने ती छपरीतच, म्हणजे पडवीतच, रंगवली. वार्निश तेलावरचं, अर्धचमक, दुकानात ज्याला सॅटिन म्हणतात ते. रंगाऱ्याचा हात साफ होता, ब्रशचा एक केस कुठे चिकटलेला नव्हता. तरीही चट्टे उठलेच.

गावातल्या सुतारकाकांना बोलावलं. ते आले ते संध्याकाळी, आणि त्यांनी दिवा बंद करायला सांगितला. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. "समोरून पाहू नका ताई, आडवं पाहा. चट्ट्याचा आकार पाहा. लाकूड सांगूनच राहिलं ना, काय झालं ते." आडव्या उजेडात दिवसा न दिसलेलं सगळं उठून आलं, आणि एकाच बंगईवर निरनिराळ्या तऱ्हेचे चट्टे आहेत हे कळलं. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा गुण हा पाहण्यातच आहे. कारण न ओळखता मारलेला प्रत्येक हात पुढे खरवडावाच लागतो.

फळ्यांची कापलेली टोकं आणि एका फळीच्या कडेचा पांढुरका पट्टा निस्तेज होता. ते सोपं. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या वार्निश पिऊन घेतात. सालीजवळचं पांढरं लाकूडही गाभ्यापेक्षा जास्त पितं. वर राहायला थर उरतच नाही. फळ्यांच्या मधोमध लांब पट्टे होते, एक चमकदार, एक फिका. ते उन्हाळ्याचं काम. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पार जातो. ब्रशची एक पट्टी संपवून दुसरी सुरू करेपर्यंत पहिलीची कड सुकू लागते, आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे थर दुप्पट होतो.

कठड्यावरचा चट्टा मात्र वेगळाच होता. गोलसर, बसणाऱ्याचं डोकं टेकतं बरोबर त्या उंचीवर. तसाच एकेक हातांच्या टोकाला, तळवा पडतो तिथे. नखाने दाबलं तर वार्निश अजून मऊ, आणि मध्ये बारीक खळगे पडलेले. काकांनी वास घेतला आणि म्हणाले, "खोबरेल आहे." कित्येक वर्षं तेल लावलेली डोकी तिथे टेकली होती. आमच्याकडे लाकडाला जवसाचं तेल पुसायची जुनी रीत आहे, पण त्याने असा त्रास होत नाही, कारण जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन सुकतं. खोबरेल कधीच सुकत नाही. ते लाकडात मुरून बसतं, वार्निशला धरू देत नाही आणि वाळूही देत नाही.

राहिलं शेवटचं कोडं: बसायच्या फळ्या एकंदरीत जास्त चमकदार आणि कठडा सगळाच मंद. काकांनी उरलेला डबा मागितला आणि काडीने बूड खरवडलं. काडीला पांढरट, दाट साका लागून आला. अर्धचमक वार्निशमध्ये चमक कमी करण्यासाठी सिलिकाची बारीक पूड घातलेली असते. डबा ठेवला की ती खाली बसते. आधी रंगवलेल्या फळ्यांना वरचं, जवळजवळ पूर्ण चमकीचं वार्निश गेलं, आणि शेवटी घेतलेल्या कठड्याला बुडाची पूड. मला हे उमगलं तेव्हा खरोखर आनंद झाला, इतके दिवस लाकडालाच दोष देत होतो आम्ही सगळे.

पावसाळाभर काही केलं नाही. दमट हवेत तेलाचं वार्निश सुकायला फार वेळ घेतं, आणि स्पिरिटच्या पॉलिशवर तर पांढरी धुरकट झाक येते. दिवाळी झाल्यावर काम काढलं, पण तेव्हा शेजारच्या खळ्यात धानाची मळणी सुरू झाली. कोंड्याची धूळ ओल्या वार्निशवर बसली की सगळं खरखरीत होतं. म्हणून बंगई उतरवून मधल्या खोलीत आणली, जमिनीवर पाणी शिंपडलं, खळ्याकडची खिडकी लावून मागची, सांदवाडीकडची म्हणजे परसाकडची, उघडी ठेवली. टर्पेंटाइनच्या वासात बंद खोलीत बसू नये.

कठडा आणि हात काचेच्या तुकड्याने लाकडापर्यंत खरवडले. तेलाच्या जागा थिनरने पुसल्या, दर वेळी फडक्याची नवी घडी घेऊन, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे पसरतं. बाकीच्या फळ्या १२० नंबरच्या घासायच्या कागदाने (सँडपेपरने), मग १८० आणि २२० ने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासल्या. कागद झिजला की लगेच बदलायचा. झिजलेला कागद लाकूड कापत नाही, नुसतं गुळगुळीत करतो, आणि ती जागा मग वार्निश कमी पिते.

खरवडलेल्या भागांवर चपडीचा एक पातळ हात दिला. पळसावर, कुसुमावर जी लाख धरते, तिचीच ही चपडी. स्पिरिटमध्ये विरघळवून बरणी न हलवता ठेवली, मेणाचा गढूळ भाग खाली बसला आणि वरची निवळ तेवढी घेतली. आत राहिलेलं थोडं तेल या थराखाली दबून राहतं. म्हणजे चपडीचं बूड सोडून द्यायचं आणि वार्निशचं बूड नीट मिसळून घ्यायचं. वार्निश ढवळायचं ते चपट्या काडीने, बुडापासून, सावकाश, आणि मध्ये मध्ये पुन्हा. डबा गदागदा हलवला तर बुडबुडे ब्रशमागे लाकडावर येतात.

पहिला हात चार भाग वार्निशला एक भाग टर्पेंटाइन घालून पातळ दिला, टोकांना दोनदा. आधीचे हात पूर्ण चमकीच्या वार्निशचे आणि फक्त शेवटचा अर्धचमक, असं काकांनी सुचवलं आणि ते पटलं. पूड एकाच थरात राहते, खालचं सागाचं रेषाकाम स्वच्छ दिसतं. दोन हातांच्या मध्ये ३२० च्या कागदाने सगळा भाग सारखा मळकट दिसेपर्यंत घासायचा. एखादा चमकता ठिपका राहिला तर तिथे खोलगट आहे असं समजून पुन्हा घासायचं. काम सकाळी दव उडाल्यावर सुरू करून उन्हं चढायच्या आत आटपायचं. एक फळी एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये फोन आला तरी घ्यायचा नाही.

वापरलेली फडकी कोंबून कोपऱ्यात टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. सुकणाऱ्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात, आणि आमच्याकडे घरामागे तणसाचे ढीग असतात. आम्ही ती पसरून दगड ठेवून वाळवली.

वार्निश वरून एका दिवसात वाळतं, आतून पिकायला महिनाभर द्यावा लागतो. तेवढं थांबून मग पुन्हा अंधारात बॅटरी आडवी धरली. उजव्या हाताला किंचित जास्त चमक होती. अगदी बारीक स्टील वूलला, म्हणजे लोखंडी तारेच्या कापसासारख्या बोळ्याला, मेण लावून तो हात आणि त्याच्या जोडीचा डावा, दोन्ही रेषांच्या दिशेने हलकेच चोळले, मऊ फडक्याने पुसले, आणि त्या संध्याकाळी कड्या अडकवून बंगई पुन्हा छपरीत टांगली.